बोटीवरची सोय

आई आमच्याकडे कायमची राहणार की पुण्याला परत जाणार हे ठरेना, आणि बोटीवरचं बायकांचं बाथरूम डेकवर राहणार की खाली जाणार हेही ठरेना. त्या दोन-अडीच महिन्यांत ह्या दोन गोष्टींनी माझं डोकं खाऊन टाकलं. एरवीही मला एका जागी बसवत नाहीच. नवरा म्हणतो, तू सोफ्यावर बसतेस तीसुद्धा एसटीची वाट बघत असल्यासारखी. आणि नोकरी कसली, तर दुसऱ्यांना आरामात कसं बसवायचं हे बघण्याची! काय बोलणार.

तर आधी बोट. मी दुबईत इंटिरियरच्या कामात आहे. हॉटेलं, दवाखाने, ऑफिसं ह्यांचं आतलं काम आमची कंपनी करते. त्या वर्षी तिनं एक जुनी पॅडल स्टीमर अंगावर घेतली. पॅडल स्टीमर म्हणजे वाफेवर चालणारी, दोन्ही अंगांना दोन पुरुष उंचीची चाकं असलेली बोट. चाकं फिरतात, पाणी मागे लोटतात, बोट पुढे जाते. युरोपातल्या कुठल्याशा डोंगरी तळ्यात शंभरेक वर्षं सहलीची माणसं फिरवून ती गंजली आणि इथल्या एका बिल्डरनं ती उचलून आणली. दुबईबाहेर त्याची नवी वसाहत उभी राहतेय, मधोमध तळं आहे, तेही त्यानंच वाळूत खणलेलं. तळ्यात काहीतरी तरंगायला हवं ना! लोखंडाचं काम अबूधाबीजवळच्या मुसफ्फातल्या एका वर्कशॉपात चाललं होतं आणि आतलं सगळं, म्हणजे खुर्च्या, एसी, दिवे, पडदे, बाथरूम, माझ्या गळ्यात पडलं.

खरं सांगते, हळूहळू मला ती बोट आवडायला लागली होती. जुने बाक पहिल्यांदा बघितले तेव्हा मात्र कपाळावर हात मारून घेतला. पाठ इतकी सरळ, की त्या काळची माणसं काठी गिळून बसत असावीत. मी बाकांची उंची वाढवली, कारण खाली बसणं सोपं असतं, उठताना गुडघे बोलतात. प्रत्येक बाकाला दोन्हीकडून हात दिले, म्हणजे रेटा देऊन उठता येईल. डेकचा पितळी कठडा चमकवून ठेवला होता, पण मुसफ्फाच्या उन्हात मी त्यावर तळवा टेकवला आणि 'आई गं' म्हणून किंचाळले. तव्यावर ठेवल्यासारखा भाजला हात. मग कठड्याला चामडं गुंडाळलं. पायाखालची थरथर कमी व्हावी म्हणून फरशीखाली जाड नमदा घातला. एसीसाठी सगळ्या खिडक्या सील करायच्या असं बिल्डरची माणसं म्हणत होती, तिथे भांडून दोन खिडक्या उघड्या राहतील अशा ठेवल्या. जुन्या बोटींचे एक तज्ज्ञ गृहस्थ रोज व्हिडिओ कॉलवर यायचे आणि आंबट तोंड करून म्हणायचे, हे मूळचं नाही, ते मूळचं नाही. मी मनात म्हणायचे, बाबा रे, मूळची माणसंही आता राहिली नाहीत.

पण एक गोष्ट मूळचीच होती आणि नेमकी तीच बिल्डरची माणसं काढायला निघाली होती. जुन्या नकाशात उजव्या चाकाच्या मागे, डेकवरच, बायकांची म्हणून एक छोटी खोली दाखवलेली होती. आरसा, बाक आणि आत बाथरूम. शंभर वर्षांपूर्वी कुणाला तरी हे सुचलं होतं! आमच्या बिल्डरच्या मार्केटिंगवाल्या माणसाला मात्र ती जागा फोटो कॉर्नरसाठी हवी होती. तिथे म्हणे एक नकली सुकाणू ठेवायचं, कॅप्टनची टोपी ठेवायची, लोक टोपी घालून फोटो काढतील. आणि बाथरूमं सगळी खाली, बोटीच्या पोटात. खाली जायचा जिना म्हणजे शिडीच. अरुंद, लोखंडी, डोकं सांभाळून उतरायचं.

हा माणूस लखनौकडचा, बोलायला गोड, टाय कधी सैल नाही. मी त्याला मीटिंगमध्ये स्वच्छ सांगितलं की हे चालणार नाही.

"मॅडम, नब्बे मिनट का तो ट्रिप है," तो म्हणाला. "नब्बे मिनट में कौन जाता है?"

"आपकी मम्मी जाती है," मी म्हटलं.

सगळे हसले. मी हसले नाही. तो म्हणाला, "इन्शाल्ला, देखते हैं." इथे इतकी वर्षं राहिल्यावर एवढं कळतं, की टायवाला माणूस मीटिंगमध्ये इन्शाल्ला म्हणाला म्हणजे तो विषय खलास. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

ह्यात माझा स्वतःचाही राग होता. आमचं घर दुबईतल्या जुमेरा लेक टॉवर्सला. तिथून मुसफ्फा म्हणजे ट्रॅफिक नसला तरी तासाच्या वर. आणि त्या वर्कशॉपात बायकांसाठी बाथरूमच नव्हतं. सुपरवायझरला विचारलं तर तो बिचारा इतका लाजला, की मलाच कसंतरी झालं. "मॅडम, इथे बायका येतातच कुठे?" मग गाडी काढून पेट्रोल पंपावर जायचं. दोनचार वेळा गेले आणि कंटाळून आपला जुना उपाय सुरू केला. सकाळपासून पाणीच प्यायचं नाही.

हा उपाय मला कुणी शिकवला हे काय सांगायला हवं? लहानपणी पुण्याहून एसटीनं कोल्हापूरला आजोळी जायचो. आदल्या रात्रीपासून आईचं सुरू व्हायचं, "आता पाणी पिऊ नकोस हं, स्टँडवर सोय नसते." भाऊ आणि बाबा प्रत्येक थांब्यावर उसाचा रस प्यायचे. आम्ही दोघी खिडकीशी ओठ कोरडे करून बसायचो. मला वाटायचं, प्रवासाला निघायचं म्हणजे तहान लागते, असंच असतं. माझ्या वयाच्या कुठल्याही बाईला विचारा, ती म्हणेल हो, आमच्याकडेही असंच.

आमच्या लेकीला मात्र हे गावीच नाही. इथेच वाढलेली, आता कॉलेजात आहे. एक भलीमोठी बाटली सतत बरोबर घेऊन फिरते, घटाघटा पिते आणि दिसेल त्या कॅफेत बिनधास्त शिरून विचारते, "व्हेअर्स द रेस्टरूम?" मी असते तर आधी काहीतरी विकत घेतलं असतं, मग जरा वेळ बसले असते, मग विचारलं असतं.

आता आई. बाबा गेल्यापासून ती पुण्यात एकटी राहते. पोस्टात नोकरी करून रिटायर झालेली, खमकी, शब्दकोडं पेनानं सोडवणारी बाई. भाऊ कॅनडात. आदल्या वर्षी ती स्वयंपाकघरात पाय घसरून पडली, मनगट मोडलं आणि शेजारणीनं दवाखान्यात नेईपर्यंत मला कळलंही नाही. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. ह्या वेळी श्रावणात तिला घेऊन आले ती हे ठरवूनच, की आता परत पाठवायचं नाही. परतीची तारीख दोनदा पुढे ढकलली. रोज संध्याकाळी घरात शिरल्या शिरल्या माझा पहिला प्रश्न, "मग, ठरवलंस का?" आणि तिचं एकच उत्तर, "बघू गं. चपला तर काढ आधी."

मी तिला सगळं दाखवत सुटले. बघ आई, लिफ्ट कधी बंद पडत नाही. बघ, खाली तळ्याभोवती चालायला रस्ता आहे, एक खड्डा शोधून दाखव. बघ, खालच्या दुकानात कढीपत्ता मिळतो, अळू मिळतं, गुरुवारी आवळे येतात. मराठी मंडळाच्या बायका आहेत, त्या तुला एकटं पडू देणार नाहीत. मुसफ्फात लोकांना बोट दाखवायचे तशीच घर दाखवत होते मी. आई सगळं बघायची आणि म्हणायची, "छान आहे." आता माझी आई 'छान आहे' म्हणाली की मला धडकी भरते. लग्नात आहेर आलेल्या साडीलाही ती छान आहे म्हणते आणि ती साडी पुन्हा कधी कुणाला दिसत नाही.

घर आमचं दोन बेडरूमचं. आई लेकीच्या खोलीत झोपायची. त्या दोघींचं बाथरूम हॉलमध्ये उघडतं, आणि बाथरूमच्या दाराला लागूनच आमचं जेवणाचं टेबल. नवऱ्याचं ऑफिस म्हणजे तेच टेबल. त्याच्या ऑफिसातली मंडळी अमेरिकेत, त्यामुळे संध्याकाळपासून कानाला हेडफोन आणि समोर स्क्रीनवर आठदहा चेहरे. तो तसा साधा माणूस आहे, आईशी त्याचं छान जमतं. जेवताना एकदा तिचा पाण्याचा ग्लास तसाच भरलेला राहिलेला बघून म्हणाला, "काय आई, लेकीच्या घरचं पाणी चालत नाही वाटतं तुम्हाला?"

"अहो, ते माझ्या आजीच्या वेळचं!" आई हसून म्हणाली. "मला तुमच्याकडचं जेवणसुद्धा चालतं. दोन महिने चालतंय की."

आम्ही सगळेच हसलो आणि ग्लास कुणीतरी उचलून नेला.

ऑक्टोबर सरता सरता बोट तळ्यात उतरली. उद्घाटनाआधी एक फेरी आमच्याच लोकांना घेऊन करायची ठरली. कर्मचाऱ्यांनी आपापल्या घरच्यांना आणायचं, त्यांनी प्रवासी व्हायचं, म्हणजे कुठे काय अडतंय ते कळेल. मला तर हर्षच झाला. आईला म्हटलं, चल, माझं काम बघ. ती सकाळपासून तयारीला लागली. इरकल नेसली, केसांत क्लिप दोनदा बदलली. मला वाटलं, आज खुशीत आहे, आज विचारते, आज हो म्हणेल.

नवऱ्याला कामामुळे जमणार नव्हतं. आई, लेक आणि मी, अशा तिघी. बोटीवर पाऊल ठेवलं तर समोर काय, फोटो कॉर्नर! 'फिलहाल टेम्पररी है, मॅडम,' मार्केटिंगवाल्याचं आधीच उत्तर तयार. सुकाणू, टोपी, मागे निळ्या डोंगरांचं चित्र. बायकांच्या खोलीचं दार भिंतीच्या पॅनेलमागे गेलेलं. खाली जाणाऱ्या शिडीवर बाथरूमची चकचकीत पाटी. मी त्या माणसाकडे असं बघितलं, की तो टाय नीट करत दुसरीकडे गेला.

आईला खिडकीशी बसवलं, उघडणाऱ्या दोन खिडक्यांपैकी एकीशी. भोंगा झाला, चाकं फिरायला लागली. अंगाखाली धप् धप् असा सावकाश ठेका. मधल्या काचेतून इंजिन दिसतं, तेलानं चमकणारे दांडे वरखाली होतात. आई वाकून बघत बसली. "शिवणयंत्रासारखं चाललंय गं," म्हणाली. तिचा चेहरा खुलला होता, मी खोटं नाही सांगत.

मला कसलं बसवतंय! मी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. एसीची झुळूक कुणाच्या मानेवर येतेय का, बाक कुठे करकरतोय का, म्हाताऱ्या माणसांना उठता येतंय का. दर फेरीला आईपाशी थांबायचे. शाल देऊ? पाठीला उशी देऊ? ऊन येतंय का, पडदा ओढू? ती म्हणायची, "काही नको गं, छान आहे." ट्रेमधून लिंबू-पुदिन्याचं सरबत आलं. तिनं हातानंच नको म्हटलं. चहा आला. "आता नको, घरी गेल्यावर." गार पाण्याच्या बाटल्या आल्या. त्याही नकोत. लेक म्हणाली, "आज्जी, इट्स फ्री!" आई म्हणाली, "म्हणूनच तू पी माझ्या वाटचं."

नव्वद मिनिटांची फेरी नव्वद मिनिटांत संपलीच नाही. धक्क्यावर ड्रोनचं शूटिंग चाललं होतं, त्यांना सूर्य अमुक ठिकाणी हवा होता, म्हणून आम्ही तळ्यातच गोल गोल फिरत राहिलो. दुपार कलली तरी ऊन मी म्हणत होतं. पुरुषमंडळी शिडीवरून खाली जाऊन येत होती. एका गुजराती आजीबाईंना त्यांचा मुलगा आणि सून दोघांनी धरून उतरवलं, त्या वर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा रडवेला झाला होता. मी ते बघितलं आणि मार्केटिंगवाल्याला शोधायला निघाले. आज त्याला सोडणार नव्हते.

तेवढ्यात बोट धक्क्याला लागली. लोक उठायला लागले. आईनं बाकाच्या हातांवर रेटा दिला, उठली, एक पाऊल टाकलं आणि माझ्या डोळ्यांदेखत खाली बसली. पडली नाही, भिंतीला टेकून घसरावं तशी सावकाश खाली गेली. तोंड पांढरं फटक, ओठांना सालं धरलेली.

मी काय ओरडले मला आठवत नाही. लोकांनी गराडा घातला. मार्केटिंगवाला धावत आला, त्याच्या हातात ती कॅप्टनची टोपी होती, तिनंच तो वारा घालायला लागला. लेकीनं आपली बाटली उघडून आईच्या ओठांशी नेली. "आज्जी, ड्रिंक. प्लीज, जस्ट ड्रिंक." आईनं डोळे उघडले, बाटली हातानं बाजूला केली आणि मला जवळ ओढून कानात विचारलं,

"खाली जिनाच आहे ना गं?"

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. आणि असा संताप आला, असा संताप आला म्हणून सांगू! "पी!" मी ओरडले. "मी उचलून नेते तुला, पण पी!" माझी भाषा त्या घोळक्यात कुणाला कळली नसेल, पण गराडा दोन पावलं मागे सरकला. आई दोन घोट प्यायली. लहान मूल रागवल्यावर पितं तशी, माझ्याकडे बघत बघत.

क्लिनिकमधली डॉक्टर मल्याळी होती, पोरगेलीशी, हिंदी अडखळत बोलणारी. सलाइन लावलं, तपासण्या केल्या. लघवीचं इन्फेक्शन निघालं. "अम्मा, पानी कितना पीते हो?" तिनं विचारलं.

"पीती हूँ ना," आई म्हणाली.

डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं. "ये आज का नहीं है," ती म्हणाली. "बहुत दिन से चल रहा है."

मी पलंगाभोवती फेऱ्या घालत होते. बहुत दिन से? बोटीवर समजू शकते, शिडी आहे. पण घरी? घरी कसली शिडी? डॉक्टर बाहेर गेली आणि माझा बांध फुटला. काय चाललंय तुझं आई, किती दिवस चाललंय, काही होऊन बसलं असतं तर, मी कुणाला तोंड दाखवलं असतं! लेक म्हणाली, "मम्मा, चिल." मी तिच्यावरही घसरले.

आई शांतपणे पडून होती. म्हणाली, "आणि तू गं? सकाळपासून बोटीवर बघतेय तुझ्याकडे. सगळ्यांना विचारत फिरत होतीस, पाण्याचा एक थेंब गेलाय का तुझ्या पोटात?"

मी तिच्या पांघरुणाची घडी सारखी करायला लागले.

मग तिनंच सांगितलं, जराशी हसत. संध्याकाळी जावई कामावर बसतात. बाथरूमचं दार त्यांच्या पाठीशी. त्यांच्या समोर त्या स्क्रीनवर परक्या माणसांची रांग. आपण गाऊनवर तिथून जायचं, दार लावायचं, आणि मग फ्लश केला की तो आवाज थेट अमेरिकेत. "म्हणून चारनंतर मी पाणी घेत नाही. आणि रात्री पोरगी झोपलेली असते, तिची सकाळची कॉलेजं, दार करकरतं. एवढंच. त्यात काय मोठंसं? सवय आहे मला."

लेकीनं आजीचा हात धरला. तिला म्हणावंसं वाटत होतं बरंच काही, पण तिचं मराठी अशा वेळी पुरत नाही. "आज्जी, यू कुड हॅव जस्ट टोल्ड मी," एवढंच म्हणाली.

मला काय, कामच मिळालं. खोलीतल्या खोलीत फिरत मी सगळं लावून टाकलं. टेबल उद्याच्या उद्या आमच्या बेडरूममध्ये जाईल. दाराच्या बिजागऱ्यांना तेल. बाथरूमपुढे एक पार्टिशन, दोन दिवसांचं काम आहे, माझीच माणसं करतील. नाहीतर घरच बदलू, तुझ्या खोलीला लागून बाथरूम असेल असं, ह्याच टॉवरमध्ये मिळेल, एजंटला आत्ता मेसेज करते. फोन काढलाही. नवऱ्याला लावला, तो घाबराघुबरा झाला, म्हणाला, अगं मला सांगायचं ना, मी गॅलरीत बसलो असतो, मी कुठेही बसलो असतो. खरंच बसला असता.

"बस जरा," आई म्हणाली. "अगं, बस म्हणते ना. इथे, पलंगावर."

मी बसले. तिनं माझा फोन हातातून काढून उशीखाली ठेवला.

"तू रोज विचारतेस ना, ठरवलंस का? मी पहिल्या आठवड्यातच ठरवलं होतं. तुला वाईट वाटेल म्हणून बोलत नव्हते."

"आई, सगळं बदलते मी. तू फक्त सांग काय हवंय."

"तेच तर," ती म्हणाली. "तुझ्या घरात काही कमी नाही गं. सोन्यासारखी माणसं आहेत. पण इथे मला उठायच्या आधी विचार करावा लागतो. कोण बसलंय, कोण झोपलंय, कुणाला त्रास होईल. तू भिंती हलवशील, तरी मी विचार करीनच. पुण्याच्या घरी मी नुसती उठते."

"आणि पडलीस म्हणजे?"

"पडेन. पडले तर उचलायला ये."

मी रडले. अगदी लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडले, ती सलाइनच्या हातानंच पाठीवरून हात फिरवत राहिली. मला तिचा राग आला होता, तिच्या त्या सवयीचा आला होता, एसटीच्या सगळ्या स्टँडांचा आला होता. आणि खरं म्हणजे मला ती हवी होती. ती पडेल म्हणून नाही, माझ्या घरात ती असावी म्हणून. हे मी तिला तिथे बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "माहितीय मला."

दोन दिवसांनी मार्केटिंगवाल्याचा फोन आला. आवाजात नेहमीचा गोडवा नव्हता. त्याच्या वरिष्ठांपर्यंत सगळं गेलं होतं, चौकशा झाल्या होत्या. "मॅडम, वो लेडीज रूम वापस कर दीजिए," तो म्हणाला. "डेक पे ही. जैसा पुराने ड्रॉइंग में था." मग जरा थांबून, "अम्मा कैसी हैं?" मी म्हटलं, बरी आहे, पाणी पितेय. हेच ऐकायला मी दोन महिने भांडले होते. फोन ठेवला आणि घरभर नुसती फिरत राहिले. नवरा खरंच गॅलरीत टेबल टाकून बसला होता, घामाघूम. आई हॉलमध्ये शब्दकोडं सोडवत होती, समोर अर्धा ग्लास पाणी. अर्धाच.

परतीची तारीख मी तिसऱ्यांदा बदलली, ह्या वेळी अलीकडची घेतली. दिवाळीला तिला आपल्या घरी दिवे लावायचे होते. लॅपटॉपवर विमानातल्या जागांचा नकाशा आला. लहान लहान चौकोन, कुठला हवा तो निवडा. आईला खिडकी आवडते. खिडकीशी बसली म्हणजे मध्ये दोन माणसं, त्यांना कशाला उठवायचं, म्हणून ती मुंबईपर्यंत हलत नाही. मी शेवटच्या रांगेत गेले आणि मधल्या वाटेला लागून असलेली, बाथरूमच्या अगदी दारातली जागा घेतली.

नवरा खांद्यावरून वाकून बघत होता. "अगं, ती कशाला? तिथे कुणी घेत नाही. वास येतो, लोक रांग लावून उभे राहतात. पुढची दे चांगली."

"असू दे," मी म्हटलं आणि पैसे भरून टाकले.